अकुशल हात

भिंगकाकांना खऱ्या नावाने ओळखणारा बाजारात आता एकटा पोस्टमन उरला होता, आणि तोसुद्धा पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणून. बाकी सगळ्यांचे ते भिंगकाका. उजव्या डोळ्याला लावायचं काळं भिंग काम नसलं की कपाळावर सरकलेलं असायचं आणि दुपारी घरी जेवायला येतानाही ते तिथेच राहायचं. "ते काढून बसा हो जेवायला," बायको म्हणायची, "भाजीत खडा नसला तरी तुम्हाला दिसेल."

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. गिऱ्हाईक बाहेर, काका आत, मध्ये काचेचं टेबल आणि त्यावर वाकलेला दिवा. अडतीस वर्षं तिथे बसून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. हल्ली लोक वेळ फोनमध्ये बघतात, पण वडिलांचं, सासऱ्यांचं, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ बंद पडलं की माणसं अजूनही जिन्याखाली वाकून विचारायची, "काका, आहात का?"

हे काम त्यांना मामांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पहिले सहा महिने घड्याळाला हातच लावू दिला नाही. पितळेची एक पट्टी होती, तिच्यावर चाळीस बारीक स्क्रू. सकाळी ते सगळे सोडवायचे, दुपारी सगळे बसवायचे. संध्याकाळी मामा भिंग लावून एकेका स्क्रूचं डोकं तपासणार आणि एकावरही ओरखडा दिसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. "स्क्रूला जोर लागत नाही रे, माप लागतं," मामा म्हणायचे. "खाचेत नीट बसेल तोच ड्रायव्हर घे. तो नसेल तर हात बांधून बस."

त्यांचा दुसरा नियम खुणेचा. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतल्या बाजूने सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. बाहेरून ती कुणाला दिसत नाही. दिसते ती पुढे कधीतरी तेच झाकण उघडणाऱ्या कारागिराला. काकांची खूण म्हणजे एक छोटा त्रिकोण आणि त्यात ठिपका. "ज्याने उघडलं त्याने खूण करायची," मामा सांगायचे, "पुढच्याला शिव्या घालायला पत्ता नको का?"

शिकत असताना एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या घड्याळात काकांच्या हातून ड्रायव्हर घसरला. केसाएवढा ओरखडा, तोही आतल्या भागावर. बाईंना जन्मात दिसला नसता. मामांनी भाच्याला घड्याळ आणि भिंग घेऊन त्यांच्या घरी पाठवलं आणि ओरखडा दाखवून ये म्हणाले. बाईंनी भिंगातून पाहिलं, त्यांना काही म्हणता काही कळलं नाही, हसून "बरं बरं" म्हणाल्या. काका मात्र त्यांचा जिना उतरताना घामाने चिंब झाले होते. त्यानंतर आपला हात कधी घसरला नाही असं ते सांगतात, आणि त्यावर शंका घ्यायची बाजारात कुणाची टाप नाही.

तर अशा माणसाच्या हातात एका दुपारी एक छापील कागद पडला. त्यावर लिहिलं होतं: 'उपकरण अकुशल हातांनी उघडल्याच्या खुणा आढळल्या. वॉरंटी लागू नाही.'

उपकरण म्हणजे लेकीचा लॅपटॉप. लेक शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पानाचा उभा छेद, हृदयाचे चार कप्पे, बेडकाची वाढ, असली. हे सगळं काम त्या लॅपटॉपवर, घरी खिडकीपाशी बसून. नवा लॅपटॉप घरात आला त्या दिवशी काकांनी सवयीने तो उलटा केला, भिंग लावलं आणि खालचे दहाही स्क्रू बघून घेतले. "दहाच्या दहा कोरे," ते समाधानाने म्हणाले. लेक म्हणाली, "बाबा, पडदा बघायचा असतो हो, पडदा!"

दोन महिन्यांत पंखा घरघरायला लागला. कंपनीच्या सेवा केंद्राने लॅपटॉप चार दिवस ठेवून घेतला आणि 'सॉफ्टवेअर अद्ययावत केले' अशी चिठ्ठी लावून परत दिला. घरघर खरंच थांबली होती. काकांनी या वेळी तो उलटा करून पाहिला नाही. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम भिंगाने तपासायचं नसतं, असा त्यांचा समज. हीच त्यांची पहिली चूक.

दुसरी चूक तर सर्वस्वी त्यांची स्वतःची. पुढे लॅपटॉप तासाभरात तव्यासारखा तापून आपोआप बंद पडायला लागला, तेव्हा तो घेऊन काका स्वतः सेवा केंद्रात गेले. अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना होता. तो कुणी भरत नाही. काकांनी तो वळणदार अक्षरात भरला: 'घड्याळे व सूक्ष्म यंत्रे दुरुस्ती, ३८ वर्षे.' लिहून झाल्यावर त्यांनी अर्ज थोडा लांब धरून बघितलाही. एवढ्यावरच तिथल्या साहेबांनी निकाल लावला. एक स्क्रू बिघडलेला दिसतोय, मालकीणबाईंचा बाप दुरुस्तीवाला आहे, म्हणजे उद्योग कुणाचा हे उघडच आहे!

कागद वाचून काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप उलटा केला, भिंग खाली ओढलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. नऊ स्क्रू ठीक होते. डाव्या कोपऱ्यातला दहावा मात्र खराब. डोक्यावरच्या फुलीसारख्या खाचेच्या चार पाकळ्यांपैकी तीन झिजून गुळगुळीत झालेल्या, चौथी जशीच्या तशी, आणि शेजारी प्लास्टिकवर घसरल्याचा वाकडा ओरखडा.

"हे!" ते बायकोला म्हणाले. "हे माझ्या नावावर लावतात!"

"अहो, ते तुम्हाला खोटारडे म्हणतायत," बायको म्हणाली. "न उघडता उघडला म्हणतायत. त्याचा राग येऊ द्या आधी."

"खोटारडा काय, कुणीही कुणालाही म्हणतं. पण हा स्क्रू बघ तू. हा स्क्रू मी सोडवलाय असं म्हणणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे!"

बायकोला स्क्रूत काही वेगळं दिसलं नाही. तिने चहा ठेवला.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले हे त्या घरालाच ठाऊक. काकांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली, तिन्ही शाईच्या पेनाने. पहिल्या पत्रात त्यांनी स्क्रूच्या डोक्याची पोस्टकार्डाएवढी मोठी आकृती काढली. तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच: 'आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे.' भावनांची! माणूस आकृती काढून पुरावा देतोय आणि हे त्याच्या भावना कुरवाळतायत. फोन लावला की एक गोड आवाज म्हणायचा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पाऊण तास बासरी वाजायची. काका ती बासरी स्पीकरवर लावून शेजारी घड्याळ दुरुस्त करत बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, काकांना उतारवयात संगीताची गोडी लागली.

शेवटी ते ग्राहक तक्रार कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या भल्या होत्या, काकांना खुर्चीही दिली.

"तुमची तक्रार नोंदवते," त्या म्हणाल्या. "पण स्क्रू कुणी बिघडवला यावर आम्हाला तज्ज्ञांचं मत घ्यावं लागेल."

"घ्या की. उत्तम. तज्ज्ञ कोण?"

बाईंनी फाईल चाळली. "या कंपनीच्या वस्तूंसाठी... कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र."

काका उठले, खुर्ची नीट आत सरकवली, बाईंचे आभार मानले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. ज्याने मारलं त्याच्याकडेच जखम तपासायला जायचं. एवढा शिकलेला कारभार, एवढ्या फायली, एवढे शिक्के, आणि एकालाही यात काही चुकल्यासारखं वाटत नाही!

इकडे लेकीचे हाल वेगळेच. पुस्तकाची मुदत जवळ येत होती. ती रोज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे जाऊन तिच्या संगणकावर काम करायची, आणि मैत्रिणीच्या घरातले आता "आज पण आलात का?" असं हसून विचारायला लागले होते. एका संध्याकाळी तिचा बांध फुटला.

"बाबा, तुम्ही जगाची यंत्रं उघडता. हे एक का नाही उघडत? पंख्याचंच काहीतरी आहे, तुम्हीच म्हणालात ना? पंधरा मिनिटांचं काम आहे तुमचं."

"उघडलं की त्यांचं खरं होईल गं."

"होऊ दे! कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," काका म्हणाले.

लेकीने दार आपटलं. काका लॅपटॉपकडे बघत बसले. हत्यारं हाताशी, दोष जवळजवळ समोर, आणि पोरगी रोज लोकांच्या घरी अवघडून बसतेय. आपलं चुकतंय का, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. बायकोनेही हळूच विचारलं, "एका शब्दासाठी किती ताणायचं?" काकांना एवढंच कळत होतं, की तो शब्द तसाच राहू दिला तर उद्या जिन्याखाली जाऊन बसताना आपल्याला आपलीच चोरी वाटेल.

आठ दिवसांनी सेवा केंद्रातून फोन आला. कंपनी 'सदिच्छा म्हणून' लॅपटॉप फुकट दुरुस्त करून देणार होती. फक्त या, एक सही करा आणि प्रकरण मिटवा. लेकीचा चेहरा उजळला. काकाही आढेवेढे न घेता तयार झाले. लॅपटॉप घेऊन लेकीबरोबर निघताना मात्र त्यांनी चष्म्याच्या जुन्या डबीत दोन ड्रायव्हर, एक चिमटा आणि कोरायची सुई टाकली. का टाकली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय.

सेवा केंद्र झकपक होतं. पांढरं काउंटर, भिंतीवर हसणारं कुटुंब, मागे काचेपलीकडे टेबलांवर वाकलेले टेक्निशियन. साहेब स्वतः बाहेर आले. बोलणं मधाळ, हातात कागद.

"काका, तुमच्या वयाचा मान ठेवून खास परवानगी काढलीय बरं का. इथे सही करा."

काकांनी कागद वाचला. पूर्ण वाचला, कारण ते सगळंच पूर्ण वाचतात. तिसऱ्या ओळीत होतं: 'उपकरण ग्राहकाकडून अकुशलपणे उघडले गेल्याचे मला मान्य आहे.'

"ही ओळ काढा," काका म्हणाले. "मग सही करतो."

"ओळ निघत नाही काका. सिस्टीममध्ये नोंद बंद झालीय. आता मान्य केल्याशिवाय पुढची नोंद उघडतच नाही."

"पण मी उघडलेलाच नाही!"

"अहो, तुम्हीच लिहिलंय, दुरुस्तीचा व्यवसाय म्हणून." साहेब हसले. "होतं कधीकधी. घरच्या घरी बघू म्हणतो माणूस. त्यात लाजायचं काय?"

रांगेतले दोघेतिघे वळून बघायला लागले. काकांचे कान लाल झाले. पण आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"हा स्क्रू ज्याने सोडवला त्याच्या ड्रायव्हरचं एक पातं तुटलेलं आहे," ते म्हणाले. "म्हणून तीन पाकळ्या गेल्या आणि एक वाचली. मी कुणाचं नाव घेत नाही. तुमच्या आतल्या टेबलावरचे ड्रायव्हर मागवा, मी इथे बाहेर उभा राहून बघतो."

"तसं करता येणार नाही."

"का?"

"नियमात बसत नाही."

एवढ्यात काचेचं दार सरकलं. आतला एक टेक्निशियन बाहेर आला, चाळिशीतला, दाढीत पांढरे केस आलेला. तो बराच वेळ आतून ऐकत असावा. त्याने काउंटरवर एक बारका ड्रायव्हर ठेवला.

काकांनी भिंग खाली ओढलं. ड्रायव्हरच्या टोकाला चारपैकी तीन पाती होती. त्यांनी तो उचलला, बिघडलेल्या स्क्रूवर नुसता टेकवला. बरोब्बर बसला.

"पहिल्यांदा आला तेव्हा मीच उघडला होता," टेक्निशियन म्हणाला. "त्या दिवशी साठ मशीन होत्या. चिठ्ठीवर सॉफ्टवेअर लिहिलं की उघडल्यानंतरची तपासणीची फेरी वाचते, म्हणून तसं लिहितात इथे सगळे. मीही लिहिलं."

काकांना एकदम तो डॉक्टरीणबाईंचा जिना आठवला.

साहेबांचा मध मात्र आटला. "हे त्यांचं वैयक्तिक मत आहे," ते म्हणाले. "कंपनीची नोंद तीच राहील. सही करताय की नाही?"

वैयक्तिक मत! समोर माणूस उभा, हातात हत्यार, तोंडाने कबुली, आणि ती कबुली म्हणे वैयक्तिक! काकांनी लेकीकडे पाहिलं. लॅपटॉप तिचा होता, मुदत तिची होती, रोज लोकांच्या दारात उभं राहणं तिचं होतं. त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणत होते.

लेकीने कागद घेतला. ती तिसरी ओळ तिनेही वाचली. मग तिने तो कागद साहेबांकडे परत सरकवला.

"बाबा," ती म्हणाली, "उघडा तुम्हीच."

"अहो, इथे काउंटरवर काही उघडता येणार नाही!" साहेब पुढे झाले.

"का?" लेक म्हणाली. "वॉरंटीमुळे? ती तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच काढून घेतलीत ना? आता कुठल्या नियमाने अडवणार?"

रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला.

काकांनी चष्म्याची डबी उघडली. नऊ स्क्रू त्यांनी असे काढले, की बघणाऱ्याला ते आपणहून वर आल्यासारखे वाटावेत. दहाव्यावर त्यांनी जरा वेळ घेतला, ड्रायव्हर तिरका टेकवून, न दाबता, एकेक इवलासा वळसा. झाकण निघालं. आत पंख्याच्या पात्यांमध्ये अडकून एक सुटा स्क्रू बसला होता, आणि पंख्याच्याच कडेला त्याची जागा रिकामी होती. टेक्निशियनने डोळे मिटले. काकांनी चिमट्याने स्क्रू उचलला, जागेवर बसवला, बोटाने पंखा फिरवून पाहिला. तो निमूट फिरला.

मग त्यांनी झाकण उलटं केलं, सुई काढली आणि आतल्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण, त्यात ठिपका आणि त्या दिवसाची तारीख कोरली.

"हे माझं उघडणं," ते मान वर न करता साहेबांना म्हणाले. "आता हवं तर लिहा, यांनी उघडला. नऊ स्क्रू मोजून घ्या, एकावर ओरखडा दाखवा, आणि मग 'अकुशल' लिहा."

साहेब मधल्या वेळात आत निघून गेले होते. ऐकायला रांग होती, लेक होती आणि टेक्निशियन होता. काका झाकण बसवणार, तेवढ्यात टेक्निशियनने हात पुढे केला.

"काका, ती सुई द्याल का जरा?"

काकांनी सुई दिली. त्याने त्रिकोणाच्या वरच्या अंगाला दातांत ओठ धरून आपली दोन अक्षरं कोरली आणि खाली तारीख घातली. आजची नव्हे, त्या पहिल्या वेळची. सुई त्याच्या हातात दोनदा अडखळली. मग त्याने झाकण काकांपुढे धरलं, परीक्षेचा पेपर धरावा तसं.

काकांनी भिंग लावून ते नीट बघितलं.

"अक्षर काही खास नाही," ते म्हणाले. "पण तारीख खरी आहे."